लंगडे पक्षी, वाढवलेला चुना आणि अर्धं डीसीपी : ४,००० ब्रॉयलरच्या एका शेडचं प्रकरण

ब्रॉयलर लंगडायला लागला की बहुतेक शेडवर पहिला उपाय ठरलेला असतो : कॅल्शियम. पाण्यातून टॉनिक सुरू होतं आणि खाद्यात एलएसपी (चुनखडीची पूड) टनामागे चार-पाच किलोंनी वाढतं. कधी त्याने काही बिघडत नाही, कधी थोडा फायदाही होतो. इथे मांडलेल्या बॅचमध्ये मात्र त्या उपायानेच पाच दिवसांत लंगड्या पक्ष्यांची संख्या तिपटीने वाढवली. खाद्यात कॅल्शियम आधीच जास्त होतं. कमी होता तो फॉस्फरस.

हे प्रकरण एका ठरावीक फार्मचं नाही. स्वतःचं खाद्य मिसळणाऱ्या शेडमध्ये असे बिघाड जसे घडतात, तसे ते एका बॅचच्या रूपात बांधले आहेत. पक्ष्यांचे आणि तपासणीचे आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. खाद्यातलं गणित मात्र खरं आहे. कोणीही वही घेऊन ते पडताळून पाहावं.

परिस्थिती

४,००० पक्षी, जमिनीवर भाताच्या तुसाचं अंथरूण (लिटर), पाण्यासाठी निपल ड्रिंकर. करार पद्धत नाही. मका आणि सोया पेंड बाजारातून घेऊन शेडवरच उभ्या मिक्सरमध्ये मॅश (भरडलेलं खाद्य) बनते आणि पहिल्या दिवसापासून तीच दिली जाते. या आधीच्या बॅच याच सूत्रावर नीट निघाल्या. एक टन स्टार्टरचं, म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांच्या खाद्याचं सूत्र असं :

मका ५७० किलो, सोया पेंड ३६५ किलो, तेल २५ किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १८ किलो, एलएसपी १२ किलो. उरलेल्या १० किलोंत मीठ, खाण्याचा सोडा, मिथिओनिन, लायसिन, व्हिटॅमिन व ट्रेस मिनरलचे प्रीमिक्स, कॉक्सिडिओस्टॅट वगैरे. फायटेज (मका-सोयात अडकलेला फॉस्फरस सोडवणारं एन्झाइम) वापरलेलं नाही.

या बॅचसाठी बदललेली एकच गोष्ट : डीसीपीच्या गोण्या नव्या ठिकाणाहून, थोड्या स्वस्त घेतल्या. गोणीवर छापलेलं होतं, फॉस्फरस किमान १८ टक्के.

दहाव्या दिवसापर्यंत काही जाणवलं नाही. अकराव्या दिवशी फीडरमध्ये खाद्य उरू लागलं. ही खूण नोंदवहीत आली, पण उकाड्याच्या खात्यावर गेली. बाराव्या दिवशी सुमारे ७० पिल्लं चालताना अडखळत होती. दोन पावलं टाकून बसायची, उठवल्यावर पंख टेकवून उभी राहायची. त्याच दिवशी पाण्यातून कॅल्शियमचं टॉनिक सुरू झालं. चौदाव्या दिवशी नमुन्याचं वजन घेतलं. ४५० ग्रॅमची अपेक्षा होती, भरलं ३७० ग्रॅम. पहिलं २ टनांचं खाद्य संपत आलं होतं, म्हणून पुढचे २ टन मिसळताना टनामागे ५ किलो एलएसपी वाढवलं. सतराव्या दिवशी लंगडे २२० झाले. हॉकवर (पायाच्या मधल्या सांध्यावर) बसलेले, छातीवर पडलेले, आणि मरतुकही वाढलेली. पण मेलेल्या पक्ष्यांत आजाराची ठळक खूण नाही, बहुतेक फीडर-निपलपर्यंत न पोहोचल्यामुळे सुकलेले.

पाय कशाने जातात, ते पक्षी उघडून पाहावं लागतं

लंगडेपणाला डझनभर कारणं असतात आणि वरून ती जवळजवळ सारखीच दिसतात. म्हणून सतराव्या दिवशी सहा लंगडे जिवंत पक्षी आणि तुलनेसाठी तीन नीट चालणारे पक्षी निवडले. मेलेला पक्षी उघडून हाडाचा अंदाज घेता येतो, पण तो कित्येक तास न खाता पडलेला असतो. जिवंत लंगडा पक्षी जास्त सांगतो. चालणारे पक्षी घ्यायला माणसं कचरतात, कारण चांगला पक्षी कापावा लागतो. तरी ते घ्यावेतच. त्यांच्याशिवाय तुलना कशाशी करणार?

पाहण्याचा क्रम असा ठेवला.

आधी चोच. वरची चोच अंगठ्याने हळूच दाबली. निरोगी पिल्लाची चोच टणक असते. इथे सहापैकी चार पक्ष्यांत ती रबरासारखी वाकली. मग हॉकच्या सांध्याची मागची बाजू. तिथला जाड स्नायूबंध आपल्या खाचेत होता, एका बाजूला सरकलेला नव्हता. तो सरकलेला असता आणि हाड टणक असतं, तर मँगनीज, कोलीन किंवा बायोटिनकडे बोट गेलं असतं. सांधा उघडला, आतला द्रव स्वच्छ आणि थोडा, पू नाही, तांबूसपणा नाही. म्हणजे स्टॅफिलोकोकस किंवा रिओव्हायरसच्या सुजेची शक्यता मागे पडली. मांडीचं हाड खुब्यातून काढलं. डोकं शाबूत, कुजल्यासारखा ठिसूळ भाग नाही. (जोर लावून पिरगाळलं तर तरुण निरोगी पक्ष्यातही डोक्यावरची कूर्चा सुटून येते. तेवढ्यावरून हाड कुजलं असं म्हणू नये.)

मग तंगडीचं हाड, म्हणजे टिबिया. मांस काढून दोन्ही हातांत धरून वाकवलं. निरोगी हाड कट्‌ असा आवाज करून तुटतं. हे वाकलं, ओल्या फांदीसारखं, आणि उशिरा चिरफाळलं. बरगड्यांची टोकं कण्याजवळ मण्यांसारखी फुगलेली होती. शेवटी टिबियाचा वरचा भाग धारदार सुरीने उभा चिरला. हाड जिथून वाढतं ती कूर्चेची पट्टी या वयात पातळ आणि सरळ दिसायला हवी. इथे ती सगळ्या रुंदीभर जाड झाली होती, आणि खालच्या बाजूने लांबट पांढऱ्या रेघा हाडात उतरल्या होत्या.

इथे गफलत होऊ शकते. टिबियाच्या वरच्या टोकाला पांढऱ्या कूर्चेचा शंकूसारखा गड्डा आणि बाकीचं हाड कठीण, असं दिसलं तर तो टिबियल डिसकॉन्ड्रोप्लेशिया. त्याची कारणं निराळी, त्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम कमी पडणं हे एक. सगळी पट्टी जाड आणि सगळं हाड मऊ, तर तो मुडदूस. ही बॅच मुडदुसाची होती.

मुडदूस कोणता, हा खरा प्रश्न

मुडदूस म्हणजे कॅल्शियम कमी, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वास्तविक तो तीन वाटांनी येतो : कॅल्शियम कमी, व्हिटॅमिन डी३ कमी, किंवा फॉस्फरस कमी. पहिल्या दोन वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात, कारण डी३ नसेल तर आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाही. तिसरी वाट वेगळी आहे आणि तिचा उपायही पहिल्याच्या उलट आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली फरक स्पष्ट दिसतो. कॅल्शियम किंवा डी३ कमी असेल तर वाढपट्टीतला पेशींची संख्या वाढण्याचा वरचा थर लांबतो. फॉस्फरस कमी असेल तर त्याखालचा, फुगलेल्या पेशींचा थर लांबतो आणि खालून येणाऱ्या रक्तवाहिन्या त्यात नेहमीसारख्या शिरलेल्या असतात. साध्या डोळ्यांना मदत करणारी आणखी एक खूण आहे : मानेच्या तळाशी थायरॉइडला लागून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी. कॅल्शियमची उणीव असेल तर त्या फुगतात, कारण शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला धडपडत असतं. इथे त्या फुगलेल्या नव्हत्या. आणि ज्या खुणेकडे अकराव्या दिवशी दुर्लक्ष झालं ती भूक. फॉस्फरस कमी पडला की पक्षी आधी खाणं कमी करतो, वजन मागे पडतं, मग पाय जातात. इथला क्रम अगदी तोच होता.

मऊ हाड, न फुगलेल्या पॅराथायरॉइड आणि आधी गेलेली भूक, या तीन गोष्टी जुळल्यावर संशय डीसीपीवर गेला, कारण मका-सोयाच्या खाद्यात वापरता येणारा बहुतेक फॉस्फरस तिथूनच येतो.

गोणीची परीक्षा : दोन ग्लास आणि थोडं अ‍ॅसिड

प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात आणि सतराव्या दिवशी तेवढा वेळ नव्हता. डीसीपीत सर्वांत सोयीची भेसळ चुनखडीची, म्हणजे एलएसपीचीच. रंग जवळजवळ तोच, भाव डीसीपीच्या कितीतरी खाली. ती पकडायची साधी रीत आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिड पडलं की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस येतो. डीसीपी अ‍ॅसिडमध्ये फेसाविना विरघळतं.

काचेच्या दोन ग्लासांत चमचा-चमचा पावडर घेतली, एकात डीसीपी, दुसऱ्यात एलएसपी. उघड्या हवेत, हातमोजे घालून, संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पाण्यात घालून केलेलं पातळ द्रावण दोन्हींत हळूहळू ओतलं. (पाण्यात अ‍ॅसिड ओतावं, अ‍ॅसिडात पाणी नाही.) एलएसपी उसळून वर आलं, ते येणारच. चांगल्या डीसीपीत काही क्षण थोडे बुडबुडे येऊ शकतात. बनवताना चुना वापरला असेल तर थोडं कार्बोनेट मागे राहतं. या ग्लासात मात्र फेस काठापर्यंत आला. फेस ओसरल्यावर तळाशी न विरघळलेला गाळ राहिला असता तर वाळूचाही संशय घेता आला असता. इथे तो नव्हता. अ‍ॅसिड हाताशी नसेल तर व्हिनेगर चालतं. फेस हळू येतो, पण चुनखडी लपत नाही.

ही चाचणी किती भेसळ आहे हे सांगत नाही; गोणी वापरायची की थांबवायची एवढंच सांगते. त्या घडीला तेवढंच पुरेसं होतं. खाद्य त्याच दिवशी बदललं, अहवालाची वाट पाहिली नाही.

अहवाल, आणि त्यातला फसवा आकडा

नमुने तीन पाठवले : डीसीपीचा, खाद्याचा आणि टिबियाचा. खाद्याचा नमुना वरच्या एका गोणीतून मूठभर घेऊन चालत नाही. मॅशमध्ये खनिजं जड असल्याने खाली बसतात. आठ-दहा गोण्यांतून, वरून-मधून-खालून घेतलेलं खाद्य प्लास्टिकवर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, असं करत अर्ध्या किलोपर्यंत यायचं. पक्ष्यांच्या तपासणीसाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पशुपोषणाचे विभाग आहेत.

डीसीपीचा अहवाल : फॉस्फरस ९ टक्के, कॅल्शियम ३०.५ टक्के. शुद्ध डीसीपीत फॉस्फरस सुमारे १८ आणि कॅल्शियम सुमारे २३ टक्के असतं, चुनखडीत कॅल्शियम सुमारे ३८. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं तर नेमके हेच आकडे येतात. गोणीत अर्धं डीसीपी आणि अर्धी चुनखडी होती.

खाद्याच्या अहवालात एकूण फॉस्फरस ०.५६ टक्के आला. इथे अनेकजण फसतात. स्टार्टरची गरज म्हणून जो ०.४५ टक्के आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, त्याच्याशी तुलना केली तर ०.५६ भरपूर वाटतो. पण ०.४५ ही गरज उपलब्ध फॉस्फरसची आहे. मका आणि सोया पेंडीतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि कोंबडीला तो फारसा सोडवता येत नाही. या सूत्रात चांगलं डीसीपी असतं तर एकूण फॉस्फरस ०.७२ आला असता. अहवाल वाचताना एकूण कोणता आणि उपलब्ध कोणता, हे आधी विचारून घ्यावं.

तिसरा नमुना हाडांचा. टिबिया काही मिनिटं उकळून मांस-कूर्चा काढायची, वाळवायचं, अल्कोहोल किंवा ईथरने चरबी काढायची, पुन्हा १००–१०५ अंशांवर वाळवून वजन घ्यायचं, आणि ६०० अंशांच्या भट्टीत रात्रभर जाळून राख मोजायची. नीट पोसलेल्या ब्रॉयलरमध्ये ही राख साधारण ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. लंगड्या पक्ष्यांत ती ३३ आली. चालणाऱ्या तिघांत ३८. या बॅचमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा आमच्या मते हा दुसराच आहे. २२० पक्षी लंगडत होते, पण हाडं ४,००० पक्ष्यांची कच्ची होती. लंगडे पक्षी हा फक्त दिसणारा भाग.

राखेची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. हाडातलं खनिज ठरलेल्या प्रमाणातच बसतं, दोन भागांपेक्षा थोडं जास्त कॅल्शियम आणि एक भाग फॉस्फरस. एक कमी पडलं की दुसरंही बसत नाही. त्यामुळे राखेतल्या कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण काढून उणीव कशाची हे कळत नाही. राख फक्त हाड किती भरलं ते सांगते. उणीव कशाची, हे खाद्यातच शोधावं लागतं.

गणित

एक टन खाद्यातला उपलब्ध फॉस्फरस असा मोजायचा. मक्यात ०.०८ टक्के, म्हणजे ५७० किलोंतून ०.४५६ किलो. सोया पेंडीत ०.२२ टक्के, ३६५ किलोंतून ०.८०३ किलो. दोन्ही मिळून १.२६ किलो. चांगलं डीसीपी १८ किलो × १८ टक्के म्हणजे ३.२४ किलो. एकूण ४.५ किलो, म्हणजे ०.४५ टक्के.

कॅल्शियम : मका आणि सोया मिळून १.२१ किलो, डीसीपीतून ४.१४, एलएसपी १२ किलोंतून ४.५६. एकूण ९.९१ किलो, म्हणजे ०.९९ टक्के. कॅल्शियमचं उपलब्ध फॉस्फरसशी प्रमाण २.२ ला १. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली पहिल्या तीन आठवड्यांसाठी दिलेली शिफारस १ टक्का कॅल्शियम आणि ०.४५ टक्के उपलब्ध फॉस्फरस अशी आहे; सूत्र त्यावर बरोबर बसत होतं.

आता भेसळीचं डीसीपी. १८ किलोंतून फॉस्फरस फक्त १.६२ किलो. एकूण २.८८, म्हणजे ०.२९ टक्के. कॅल्शियम मात्र डीसीपीतूनच ५.४९ किलो आलं, एकूण ११.२६, म्हणजे १.१३ टक्के. प्रमाण ३.९ ला १.

चौदाव्या दिवशी टनामागे ५ किलो एलएसपी वाढलं. कॅल्शियम १.३२ टक्के, फॉस्फरस तिथेच. प्रमाण साडेचारला १.

ज्यादा कॅल्शियम नुसतं पडून राहत नाही. चुनखडी जठरातलं आम्ल खाते. आतड्यात सुटं कॅल्शियम जास्त झालं की ते उपलब्ध फॉस्फरसला पकडतं, न विरघळणारं संयुग बनतं आणि विष्ठेतून बाहेर जातं. फायटेटशीही ते असंच बांधलं जातं. म्हणजे कागदावरच्या ०.२९ मधलाही काही भाग पक्ष्याला मिळेनासा झाला. उपाय म्हणून टाकलेल्या पाच किलोंनी उरलेला फॉस्फरसही ओढून नेला.

आणि पाण्यातलं टॉनिक? त्या वयाचा पक्षी दिवसाला ८० ग्रॅम खाद्य खात असेल तर १.१३ टक्क्यांनी त्याला रोज सुमारे ९०० मिलिग्रॅम कॅल्शियम खाद्यातूनच मिळत होतं. टॉनिकच्या बाटलीवरचा आकडा घेऊन एका पक्ष्याच्या वाट्याला किती येतं याचा भागाकार केला तर ते नगण्य निघतं. टॉनिकने नुकसान फारसं केलं नाही. पाच दिवस खाल्ले, ते मोठं नुकसान. ब्रॉयलरच्या हाडात खनिज भरण्याचा सर्वांत वेगाचा काळ साधारण चौथ्या ते अठराव्या दिवसाचा. नेमका तोच हातातून गेला.

दुरुस्ती

शेडवर दुसऱ्या मिश्रणातलं ८०० किलो खाद्य उरलं होतं. ते फेकायची गरज नव्हती. त्यात उपलब्ध फॉस्फरस २.३ किलो आणि कॅल्शियम १०.५ किलो होतं. हे खाद्य एक भाग आणि नवीन दोन भाग असं मिसळून २,४०० किलो करायचं ठरलं, लक्ष्य ०.४५ टक्के फॉस्फरस आणि ०.९५ टक्के कॅल्शियम. म्हणजे एकूण फॉस्फरस १०.८ किलो, कॅल्शियम २२.८ किलो.

नव्या १,६०० किलोंत मका-सोयातून फॉस्फरस २ किलो आणि कॅल्शियम १.९ किलो येतं. उरलेला फॉस्फरस साडेसहा किलो. त्यासाठी खात्रीचं डीसीपी ३६ किलो. त्यातूनच कॅल्शियम ८.३ किलो आलं. राहिलेल्या २ किलोंसाठी एलएसपी फक्त ५.४ किलो. नेहमीच्या हिशेबाने १,६०० किलोंत ते १९ किलोंवर पडलं असतं.

मिसळताना डीसीपी, एलएसपी आणि प्रीमिक्स आधी २० किलो भरड्यात हाताने एकजीव केलं, मग अर्धा मका मिक्सरमध्ये गेल्यावर ते ओतलं, तेल शेवटी. उभ्या मिक्सरला १२ ते १५ मिनिटं द्यावी लागतात. तेल पडल्यावर पावडर दाण्याला चिकटून राहते आणि फीडरच्या तळाशी बसत नाही, हाही फायदा.

फायटेज घालावं का, हा प्रश्न इथे येतोच. किलोला ५०० युनिट घातलं तर साधारण ०.१० ते ०.१५ टक्के उपलब्ध फॉस्फरस सुटतो, आणि रोजच्या सूत्रात ते घेणं शहाणपणाचं आहे. पण कॅल्शियम जास्त असलेल्या खाद्यात त्याचं काम मंदावतं, कारण कॅल्शियमने बांधलेलं फायटेट त्याला फोडता येत नाही. संकटात असलेल्या बॅचमध्ये उणीव डीसीपीनेच भरावी. पुढच्या बॅचला फायटेज आणलं तर त्याच्या नावावर डीसीपी कमी करताना एलएसपीचाही हिशेब पुन्हा करावा; एकच कमी केलं की प्रमाण परत ढळतं.

डी३ चं प्रीमिक्स ताजं होतं, तारीख तपासली. तरी पाण्यात मिसळणारं डी३ पाच दिवस, लेबलवरच्या मात्रेत दिलं. ते शोषणाला मदत करतं, पण नसलेला फॉस्फरस निर्माण करत नाही. मात्रा दुप्पट-तिप्पट करण्यात अर्थ नव्हता. कॅल्शियम आधीच चढलेलं असताना जास्तीचं डी३ मूत्रपिंडाला त्रास देतं. कॅल्शियमचं टॉनिक बंद केलं. (व्हिटॅमिनचं आणि ट्रेस मिनरलचं प्रीमिक्स कोलीन क्लोराइडसोबत एकाच पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नये. उष्ण गोदामात व्हिटॅमिनं झपाट्याने मरतात आणि मग डी३ च्या उणिवेचा मुडदूस येतो.)

शेडमधली कामं लहान पण जीव वाचवणारी होती. लंगड्या पक्ष्यांसाठी जाळीचा वेगळा कप्पा, जमिनीवर पसरट ताटांत खाद्य, हाताने भरायची पाण्याची भांडी, निपलची एक लाइन खाली. ओलं लिटर उलटून कोरडं तूस टाकलं. जे पक्षी ताटापर्यंतही सरकू शकत नव्हते असे ६० त्याच दिवशी काढले. त्यांना ठेवण्यात दया नाही. ते तहानेने मरतात.

पुढे काय झालं

नव्या खाद्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी फीडर रिकामे होऊ लागले. भूक परतली, ही पहिली खूण. बाविसाव्या दिवसानंतर नवे लंगडे पक्षी आले नाहीत. कप्प्यातल्या १६० पैकी सुमारे १०० आठवड्याभरात चालू लागले. वाकलेली हाडं सरळ झाली नाहीत, ती होत नाहीत, पण वाकलेल्या अवस्थेत ती कडक झाली आणि पक्षी उभा राहिला. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा तीन पक्ष्यांची राख काढली, ४३ आली. वजन मात्र मागेच राहिलं. बॅच ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा उचलली, आणि त्या चार दिवसांचं खाद्य हा तोट्यातला सर्वांत मोठा भाग.

उचलताना पक्षी एका पायाने धरून लटकवायचे नाहीत, अशी सूचना गाडीवाल्यांना दिली. दोन्ही हातांनी अंग धरून पिंजऱ्यात ठेवले. भरत आलेलं हाड झटक्याने तुटतं, तंगडीत रक्त साकळतं आणि माल दुकानात नाकारला जातो.

उरलेल्या डीसीपीच्या गोण्या

शेवटी ११ गोण्या उरल्या. प्रश्न आला, आता त्यात काय आहे ते कळलंय, तर दुप्पट मात्रा घालून वापरून टाकाव्यात का? गणित करून पाहू. टनाला ३६ किलो घातलं तर फॉस्फरस ३.२४ किलो, म्हणजे बरोबर. कॅल्शियम मात्र गोणीतूनच ११ किलो येतं. एलएसपी पूर्ण शून्य केलं तरी एकूण कॅल्शियम १.२२ टक्के. प्रमाण २.७ ला १, शिवाय ६ किलो जास्तीची जागा चुनखडीने खाल्ली. ब्रॉयलरला हा माल कुठल्याच मात्रेत बसत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं, तिच्या खाद्यात ही चुनखडी सामावू शकते. पण तिथेही पैसे डीसीपीचे मोजून चुना विकत घेतल्यासारखं होतं, आणि चुन्याबरोबर आणखी काय मिसळलंय ते तपासल्याशिवाय तेही करू नये. गोण्या प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत लावून परत केल्या.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक मालातून पाव किलो नमुना, तारीख आणि बिलाचा नंबर लिहिलेल्या बंद पिशवीत, बॅच उचलेपर्यंत ठेवला जातो. गोणी मिक्सरजवळ जाण्याआधी ग्लासातली चाचणी होते. तिला दहा मिनिटं लागतात.